ओर्लोव खिंडीतली कोरडी लाकडं

झद्राव्का चाउशेवाला राग आला की ती ओरडत नसे, वर्गाच्या खिडक्या सताड उघडायची. जानेवारीतसुद्धा. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत सोळा-सतरा वर्षांची दांडगी पोरं हात बाह्यांत ओढून घेऊन नद्यांची खोरी पाठ करतायत, हे दृश्य बुकोवेत्सच्या वनशाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. "डोकी जड झालीयेत तुमची, जरा वारं लागू दे," एवढंच ती म्हणायची. ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात मात्र तिनं खिडकीला हातही लावला नाही, आणि मुलांना कळून चुकलं की हे प्रकरण नेहमीचं नाही.

ती मूळची वरच्या अंगाच्या एका खेड्यातली. बाप तंबाखू लावायचा, आई पानं दोऱ्यात ओवायची, आणि आपल्या पोरीनं प्लोवदिवला जाऊन भूगोलाची पदवी घेतली याचं दोघांना मरेपर्यंत नवल वाटत राहिलं. पदवी मिळालेली माणसं खाली शहरातच राहतात. ही परत वर आली. का आलीस, असं कुणी विचारलं तर चिडायची. "तुम्ही संध्याकाळी घरी का जाता, असं मी विचारते का कुणाला?" लग्न केलं तेही इथल्याच कराम्फिलशी. तो टपालाची गाडी चालवायचा आणि फार कमी बोलायचा. त्या घरात बोलण्याचं खातं एकटीकडेच होतं आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

वनशाळेत झाडं ओळखायला, तोडायला आणि लावायला शिकवतात. पण तिथं येणारी सगळी मुलं काही झाडांच्या ओढीनं येत नाहीत. खेड्यांतल्या शाळा बंद पडल्या, आईबाप स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला नाहीतर इटलीत कुणाच्या म्हाताऱ्या आईचं करायला गेले, मग पोरांना ठेवायचं कुठं? वसतिगृहात. झद्राव्का नवीन लागली त्या वर्षी एका रविवारी ती सहज वसतिगृहात डोकावली, तर खोल्याखोल्यांतून पोरं कॉटवर पडून छताकडे बघत होती. दारू प्यायलेली असती तरी तिला इतका संताप आला नसता. तिनं पांघरुणं ओढली.

"उठा. बूट घाला."

"कुठं जायचंय, बाई?"

"वर."

शाळेचं डोंगर मंडळ निघालं ते असं. परवानगी कुणी दिली नाही, कारण कुणी मागितलीच नव्हती.

मंडळाचे नियम तिनं कधी कागदावर उतरवले नाहीत. सगळ्यात हळू चालणारा पुढे, सगळ्यात दणकट शेवटी. जो कुरकुर करेल तो पातेलं वाहील. (सालीह नावाचा एक बडबड्या मुलगा तीन हिवाळे सलग पातेलं वाहत होता आणि आता त्याशिवाय आपला तोल जातो असं सांगायचा.) आणि निवाऱ्यातल्या लाकडांचा नियम. हा काही तिचा नव्हता, तो या डोंगरांचाच. खिंडीखिंडीत दगडी निवारे आहेत, प्रत्येकात एक लोखंडी चूल आणि भिंतीशी लाकडांची रास. आलेल्या माणसानं राशीची पुढची ओळ जाळायची, आणि निघण्याआधी बाहेर जाऊन तेवढीच लाकडं फोडून मागच्या ओळीत भरायची. मागची वाळत पुढे येतात. रास कधी संपत नाही. मेंढपाळ असो, शिकारी असो, नाहीतर सहलीला आलेला कुणी दंतवैद्य, कुऱ्हाड न उचलता निवाऱ्याचं दार ओढून घेणारा माणूस इथं आजवर कुणी पाहिलेला नव्हता.

नवे मुख्याध्यापक ल्युदमिल पेत्कानोव हे खाली सपाटीवरचे. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट फार सोपी होईल. शाळेत दर वर्षी मुलं कमी होत होती, वरून शाळा दुसऱ्या कुठल्या शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू झाली होती, आणि त्यांना रात्रीची झोप नव्हती. त्यांनी ठरवलं की शाळेचं नाव टीव्हीवर आलं पाहिजे. आणि टीव्हीवर येण्यासारखं शाळेत होतं काय? झद्राव्काचं डोंगर मंडळ.

दर ऑक्टोबरात भागातल्या शाळांची डोंगरी शर्यत होते. पाच-पाच मुलांचे संघ, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमानं, थोड्या थोड्या अंतरानं सुटतात. धावण्याची शर्यत ही नव्हे. नकाशा वाचायचा, दोरावरून ओढा ओलांडायचा, ओर्लोव खिंडीतल्या निवाऱ्यात चूल पेटवून पाणी उकळायचं, चहा पिऊन पुढे निघायचं. घड्याळ थांबतं ते संघातलं शेवटचं पोर रेषेवर आलं की. चूल पेटवण्याचा नियम पुस्तिकेत होता. लाकडं परत भरण्याचा नव्हता. घरातून निघताना दार लावून घ्या, असं कुणी लिहून ठेवतं का?

संघाची प्रमुख होती अल्बेना. लहानखुरी, काटक, आणि डोंगरात तिला वाट सांगावी लागायची नाही. आई बार्सेलोनाला, बापाचा पत्ता नाही. आपल्यानंतर मंडळ या पोरीच्या हाती द्यायचं, असं झद्राव्कानं मनाशी ठरवून टाकलं होतं. बोलून दाखवलं नव्हतं. पण बाई आपल्यालाच जास्त का झापतात, हे अल्बेनाला बरोबर समजत होतं.

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं आणि त्यातून अर्धा पाऊस, अर्धा बर्फ पडायला लागला होता. पेत्कानोव नवेकोरे बूट घालून निरोप द्यायला आले. शाळेचं नाव, शाळेचं भविष्य असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "आणि हे बघा, निवाऱ्यात रेंगाळू नका. वेळ सगळा तिथंच जातो. लाकूडफाट्याचं नंतर बघता येईल." झद्राव्का तेव्हा वाकून सालीहच्या सॅकचा पट्टा ओढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

दुपारी रेषेवर तिचा संघ सगळ्यात आधी धुक्यातून बाहेर आला. ओले, लाल, धापा टाकत, पण पाचही एकत्र. एवढ्या लवकर आजवर कुणीच पोचलं नव्हतं. पंच घड्याळ हलवून बघायला लागले. झद्राव्कानं एकेकाला छातीशी धरलं, आणि तिला हे असलं करायची अजिबात सवय नाही.

"लाकडं भरली ना गं?" तिनं अल्बेनाच्या केसांतलं पाणी पुसत विचारलं.

"भरली, बाई."

अल्बेना बूट सोडायला खाली वाकली. झद्राव्काला त्या वाकण्यात काहीच दिसलं नाही. कप मिळाला होता, तिलाही आनंद झाला होता, आणि आनंदात माणूस जरा आंधळा होतो.

त्यांच्यामागून निघालेला संघ दोल्नी ब्रेगच्या छोट्या शाळेचा होता. तो आला नाही. त्यांच्यानंतरचे दोन संघ धुकं बघून वाटेतूनच मागे फिरले होते. दोल्नी ब्रेगची मुलं मात्र ना मागे गेली होती, ना पुढे आली होती. डोंगर बचाव पथकाचा स्तामेन, झद्राव्काचा शाळकरी मित्र, दोर आणि पांघरुणं गाडीत टाकू लागला तेव्हा ती आपणहून येऊन शेजारी बसली. "तुझे गुडघे..." असं त्यानं तोंड उघडलं. "गाडी चालव," ती म्हणाली.

निवाऱ्याचं दार उघडं होतं. आत चार मुलं एका मुलीला मध्ये घेऊन, सगळे कोट तिच्यावर टाकून, एकमेकांना चिकटून बसली होती. चुलीत अर्धवट काळवंडलेल्या ओल्या फांद्या. आगपेटीतल्या सगळ्या काड्या संपवलेल्या. भिंतीशी राशीच्या जागी नुसती जमीन आणि सालींचा चुरा. मधल्या मुलीचं नाव त्स्वेता. ती थरथरत नव्हती, आणि थंडीत भिजलेलं माणूस थरथरायचं थांबलं की काय समजायचं, हे खोलीतल्या दोन्ही मोठ्या माणसांना ठाऊक होतं.

स्तामेननं गॅसची शेगडी पेटवली, पोरीला सुक्या पांघरुणात गुंडाळलं. तिच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत तो तिच्याजवळून हलला नाही. मग त्यानं त्या मोकळ्या भिंतीकडे पाहिलं.

"यांच्या आधी इथं कोण होतं?"

"माझी मुलं," झद्राव्का म्हणाली.

स्तामेननं खाली मान घातली आणि दोराचं वेटोळं पुन्हा गुंडाळलं, जे आधीच नीट होतं. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्स्वेताला दवाखान्यात नेलं. फुप्फुसाला सूज होती, बोटांना हिमदंश झाला होता, पण जिवावरचं टळलं. झद्राव्का तशीच ओली शाळेत आली. भोजनगृहात केक कापून झाला होता. कप मधल्या टेबलावर, भोवती घेवड्याच्या सुपाचे वाडगे, आणि पेत्कानोव कुणाला तरी फोनवर सांगत होते, "हो, हो, सोमवारी सकाळी, स्मोल्यानहून टीव्हीवाले येतायत!"

तिनं पाचही जणांना मागच्या खोलीत नेलं, जिथं बटाट्याची पोती असतात.

"रास कुणी जाळली?"

एकजण पोत्याची शिवण उसवायला लागला.

"सालीह, तुझं तोंड कधी बंद असतं रे? आज काय झालं?"

सालीह पोत्याकडे बघत म्हणाला, "मोठा जाळ केला, बाई. सगळीच घातली. पाणी पटकन उकळतं." मग अगदी बारीक आवाजात, "वाटलं, मागून येणारे करतील काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? चुलीत बूट घालतील? त्या पोरीला दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय. तिचं नाव माहितीय तुम्हाला? त्स्वेता. तुमच्याएवढीच आहे. तुम्ही भिंत मोकळी करून, दार ओढून, हसत खाली आलात. आणि तू," ती अल्बेनाकडे वळली, "माझ्या तोंडावर खोटं बोललीस. भरली, बाई! मी तुला... मी तुला काय समजत होते!"

अल्बेना तोवर भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम पुढे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आणि तुम्ही? सर म्हणाले ना सगळ्यांसमोर, लाकडांचं नंतर बघा म्हणून! तुम्ही तिथंच होतात. मी तुमच्याकडे बघत होते, बाई. मुद्दाम बघत होते. एरवी बुटाची नाडी लोंबली तरी आमची कातडी सोलता, आणि तेव्हा तोंडातून शब्द नाही! मला वाटलं, चालतंय. आज चालतंय. कप पाहिजे तर चालतं."

"मी ऐकलं नाही," झद्राव्का म्हणाली.

"ऐकलंत."

खरंच ऐकलं होतं. पट्टा ओढता ओढता ऐकलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, बडबडू दे त्याला, माझी मुलं काय करायचं ते जाणतात. डोंगराचं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाच्या तोंडी कुठं लागायचं. खरी गोष्ट याहून जरा वाईट होती. तिलाही कप हवा होता. इतकी वर्षं कुणी या मंडळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि एकदा लोकांनी बघावं असं तिच्याही मनात होतं. स्वतःचा असा राग येतो तेव्हा तो ठेवायला जागा सापडत नाही. ती बटाट्याच्या पोत्यावर बसली, आणि पोरं घाबरली, कारण बाईंना बसलेलं त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "ऐकलं. आता ऐका माझं. सोमवारी टीव्हीसमोर कोणी उभं राहणार नाही. उद्या सकाळच्या बसनं आपण दवाखान्यात जाणार. ज्याला यायचं नाही त्यानं आत्ता सांगा."

एक मुलगा म्हणाला, माझं पोट दुखतंय. त्याला तिनं जा म्हटलं आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

पेत्कानोव दारातच भेटले. त्यांच्या कानावर गेलं होतं.

"झद्राव्काबाई, झालं ते वाईट झालं, मला काय दुःख नाही का? पण नियम दाखवा मला. एक नियम दाखवा, जो आपल्या मुलांनी मोडला."

"तुम्ही दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलात आणि त्याचं दार उखडून जाळलंत, तर नियम शोधत बसाल?"

"शाळा बंद पडली की ही मुलं कुठं जातील, याचा विचार केलाय तुम्ही? कपामुळे पुढच्या वर्षी चार प्रवेश जास्त आले तरी..."

"म्हणजे अजून चारांना हेच शिकवू."

"शब्द जपून वापरा."

"जपलेच होते हो सकाळी! तीच चूक झाली माझी. तुम्ही पोरांना लाकडांचं नंतर बघा म्हणालात तेव्हाच मी तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, की साहेब, डोंगरात 'नंतर' म्हणजे मागून येणारं पोर."

पेत्कानोवांचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, माणूस काहीतरी खरं बोलेल. पण टीव्हीवाल्यांना ते हो म्हणून बसले होते. "सोमवारी संघ अंगणात हवा," ते म्हणाले. "नसेल तर मंडळ मी व्यायामाच्या सरांकडे देतो. शाळेतर्फे तुम्ही एकाही मुलाला वर न्यायचं नाही."

"द्या," ती म्हणाली आणि निघाली. तो शब्द तिला किती महाग पडला, ते त्यांना दिसलं नाही. दिसू द्यायला ती काही त्यांच्यासमोर उभी राहिली नव्हती.

घरी कराम्फिलनं सूप गरम केलं. तिनं सगळं सांगितलं, भांडी आपटत, दोनदा सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कुऱ्हाडींना धार लावून ठेवू का?" तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो मुकाट्यानं धार लावायला गेला.

बसमध्ये चार मुलं एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. कप अल्बेनाच्या मांडीवर, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. तो न्यायचा हे अल्बेनानंच ठरवलं होतं. कपाटाची किल्ली कुठून आणली ते झद्राव्कानं विचारलं नाही. सालीहनं एकदा म्हटलं, "निदान पातेल्याहून हलका आहे." कुणी हसलं नाही, तोही नाही.

त्स्वेता उशांना टेकून बसली होती. हात पट्ट्यांमध्ये, आवाज बसलेला. तिची आई खिडकीशी उभी होती. मुलांना बघताच तिनं पाठ फिरवली आणि तशीच राहिली.

"रास आम्ही जाळली," अल्बेना म्हणाली. "सगळी. भरली नाही. मी प्रमुख होते. सालीह म्हणत होता भरू या, मी नको म्हटलं."

सालीहनं चमकून पाहिलं. तो तसं काहीच म्हणाला नव्हता. झद्राव्काच्या हे लक्षात आलं, आणि या एका वेळी तिनं खोटं चालवून घेतलं.

"आणि मला माहीत होतं की यांना घाई करायला सांगितलंय," झद्राव्का म्हणाली. "मी गप्प बसले. माझीही चूक धर."

त्स्वेतानं पट्ट्यांतले हात पांघरुणावर ठेवले.

"राख गरम होती," ती म्हणाली. "आम्ही पोचलो तेव्हा. आम्ही राखेत हात घालून बसलो होतो. मी सगळ्यांना सांगत होते, आत्ता इथं कोणीतरी होतं, म्हणजे लाकडं बाहेर ठेवली असतील. शोधत होतो आम्ही. बाहेर. तिथंच भिजलो जास्त."

अल्बेनाला रडू फुटलं. त्स्वेताला त्याचा अजिबात कळवळा आला नाही, आणि का यावा?

"रडू नकोस इथं. त्या टॉवेलात काय आहे?"

"कप."

"मला नकोय. पाणी तरी उकळतं का त्यात? घेऊन जा." तिला खोकला आला. आई वळली, तिनं पाणी पाजलं, पुन्हा खिडकीशी गेली. "पुढच्या वर्षी आम्ही तुमच्या आधी सुटणार. चिठ्ठ्या टाकू देत नाहीतर काही करू देत, आधी आम्हीच. तुम्ही मागून याल. निवाऱ्यात लाकडं असतील. भरपूर. ती जाळा, चहा प्या आणि विचार करा आमचा."

अल्बेनानं कप उचलला आणि ते निघाले.

बाहेर वारा सुटला होता. शर्यतीच्या संयोजकांच्या कचेरीत जाऊन कप टेबलावर ठेवला, तर तिथला माणूस म्हणाला, नियमभंग झालेला नाही, आम्हाला परत घेता येत नाही. झद्राव्कानं त्याला सुनावलं ते सगळं इथं लिहिण्याजोगं नाही. कप तिथंच टेबलावर टाकून ते निघाले. तो माणूस दारापर्यंत मागे आला आणि मग परत फिरला.

"बाई," बसथांब्यावर अल्बेना म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "मंडळ काढून घेतील ना तुमच्याकडून?"

"घेतलं म्हणून समज."

"मग पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षाचं काय घेऊन बसलीस? अजून माझा राग गेलेला नाही, तुझ्यावरचा पण नाही आणि कुणावरचाच नाही. निवारा आज मोकळा आहे. बर्फ पडायच्या आत तो भरायचाय, छपरापर्यंत. शनिवारी उजाडताना फाटकाबाहेर ये. कुऱ्हाडी मी आणते."

"सरांनी मनाई केलीय."

"शाळेतर्फे न्यायला मनाई केलीय. मी कुणालाच नेत नाहीये. मी शनिवारी वर चाललेय, रस्ता सरकारचा आहे, माझ्या मागून कोण चालतंय ते मला काय ठाऊक?"

"मागून?" सालीह म्हणाला. "हळू चालणारा पुढे असतो ना, बाई? तुमचे गुडघे..."

"सालीह."

"पातेलं मी घेतो," सालीह म्हणाला, आणि बस आली.